मुलगी समुपदेशनाला हसत जाते, मग शाळेची भीती का जात नाही?

पत्र : माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. सातवीपासून तिला वर्गात बोलायची भयंकर भीती बसली आहे. तोंडी परीक्षा असली की आदल्या रात्रीपासून पोटात दुखतं, सोमवारी सकाळी तर हमखास. बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासलं, पोटात दोष नाही. या सत्रात शाळेचे बरेच दिवस बुडाले. गेले अडीच महिने दर शनिवारी एका समुपदेशक मॅडमकडे नेते, नऊ वेळा जाऊन झालं. मॅडम तिला फार आवडतात. तिथे चित्रं काढते, गप्पा मारते, दीर्घ श्वास घ्यायला शिकली. बाहेर येते ती हसत. पण सोमवारी पुन्हा तेच. वर्गशिक्षिकेने तिला तोंडी परीक्षेतून सूट दिली आहे, तेवढाच आधार. तिचे बाबा म्हणतात हे सगळे नखरे आहेत, सासूबाई म्हणतात मोठी झाली की सुटेल. मी स्वतः पहिल्यापासून काळजी करणारी. माझ्यामुळे तर तिला गुण येत नाही का? मॅडम बदलू का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, मॅडम इतक्यात बदलू नका. येत्या शनिवारी त्यांना एवढंच विचारा: "तिला ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं प्रत्यक्ष करायला आपण कधी सुरुवात करणार, आणि पहिली गोष्ट कोणती?" त्यांच्याकडे नेमकं उत्तर असेल, तर त्यांच्याकडेच राहा. "अजून तिची तयारी नाही, आधी आत्मविश्वास वाढू दे" एवढंच ऐकायला मिळालं आणि पुढचे दोन-तीन शनिवारही तसेच गेले, तर दुसरीकडे चौकशी सुरू करा.

मुलीला मॅडम आवडतात ही जमेची बाजू आहे. विश्वास नसेल तर या वयाची मुलं तोंडच उघडत नाहीत. पण नुसत्या विश्वासावर भीती जात नाही. तुमच्या पत्रात नऊ सत्रांचं वर्णन आहे आणि त्यात गप्पा, चित्रं, श्वास एवढंच आहे. ती वर्गात काही करून पाहते आहे, असं एकही वाक्य नाही. आम्हाला खटकलं ते हेच.

मुलांच्या चिंतेवर सर्वांत जास्त अभ्यासलेली पद्धत म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी थेरपी. अमेरिकेत ७ ते १७ वयोगटातल्या ४८८ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली आले. १२ आठवड्यांनी नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने सुमारे ५५ टक्के, दोन्ही मिळून सुमारे ८१ टक्के आणि खोट्या गोळीने सुमारे २४ टक्के. म्हणजे थेरपी चांगली चालते, तरी दहातल्या चार मुलांना तेवढ्याने पुरत नाही. मग फरक कशाने पडतो? याच मुलांची सत्रागणिक प्रगती पुढे तपासली, तेव्हा भीतीदायक विचार पडताळून पाहायला सुरुवात झाली आणि भीतीच्या प्रसंगांना प्रत्यक्ष सामोरं जाणं सुरू झालं, त्यानंतर सुधारणेचा वेग वाढलेला दिसला. शरीर सैल सोडण्याच्या व्यायामांनी तसा वेग आला नाही.

दीर्घ श्वास वाईट नाही. झोपताना, चिडचिड झाल्यावर जरूर घ्यावा. पण मुलं त्याचा उपयोग भीती दाबायला करू लागतात, आणि "श्वास घेतला म्हणून निभावलं, नाहीतर काही खरं नव्हतं" असं मनाशी धरून बसतात. वर्गात उभं राहिल्यावर नेमकं तेव्हाच श्वास साधत नाही आणि घबराट दुप्पट होते.

प्रत्यक्ष सामोरं जाण्याला एक्स्पोजर म्हणतात. मॅडमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. या पद्धतीच्या एका जुन्या, प्रसिद्ध आराखड्यात १६ सत्रं असतात आणि पहिली आठ तयारीतच जातात. म्हणून नवव्या सत्रापर्यंत एक्स्पोजर नसणं ही मोठी चूक म्हणता येत नाही. पुढचा आराखडाच नसणं ही मात्र चूक आहे. आमचं मत विचाराल तर तिसऱ्या-चौथ्या सत्रापासून लहान पायऱ्या सुरू व्हायला हव्यात. ताटकळत ठेवलं की मुलाला वाटतं, हे खरोखरच फार धोक्याचं असणार.

तुमच्या मुलीसाठी पायऱ्या साधारण अशा असतील. समोरचा आकडा तिच्या भीतीचा, शून्य ते दहा, आणि तो तिनेच द्यायचा:

किराणा दुकानात स्वतः बोलून एक वस्तू मागणं, तुम्ही रस्त्यापलीकडे – ३
मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेला आधी ठरवलेला एक प्रश्न विचारणं – ४
रिकाम्या वर्गात बाईंसमोर धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचणं – ५
तेच, पण दोन मैत्रिणी बसलेल्या – ६
तासाला जागेवरूनच दोन ओळी वाचणं – ७
उभं राहून वाचणं, आणि एक शब्द मुद्दाम चुकवणं – ८
परिपाठात सुविचार सांगणं – ९

मुद्दाम चुकवणं वाचून तुम्ही दचकाल. पण लोकांसमोर बोलायच्या भीतीत खरी भीती चुकण्याची आणि हसं होण्याची असते. कायम अचूक वाचून दाखवलं तर मुलगी एवढंच शिकते की "नशीब, आज चुकले नाही". चुकूनही फारसं काही होत नाही, हे कळायला एकदा चुकावंच लागतं. ही पायरी गाळली की वरवर बरी झालेली मुलं दहावीच्या तोंडी परीक्षेला पुन्हा अडकू शकतात.

प्रत्येक पायरीआधी वहीत दोन ओळी लिहायच्या: काय होईल असं वाटतं, आणि त्याची किती खात्री आहे. उदाहरणार्थ, "मी अडखळले की दुकानदार चिडेल, मागचे हसतील. खात्री ८०." परत आल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. "अडखळले. ते म्हणाले, किती देऊ? मागच्या काकू मोबाइल बघत होत्या." एवढं पुरे. "बघ, मी सांगत होते ना!" असं तुम्ही बोलायचं नाही. वही तिची, निष्कर्षही तिनेच काढायचा. भीती शून्यावर येईपर्यंत तिथे थांबायची गरज नाही. ठरलेलं काम पुरं झालं की पायरी झाली, छाती धडधडत असली तरी.

एकेक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा व्हायला हवी. शनिवारी मॅडमकडे बोलणं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बोलणं यात सहा दिवस रिकामे जातात, आणि बहुतेक थेरपी इथेच गळते. दुकानं बदला, वेळा बदला: आज किराणा, उद्या स्टेशनरी, परवा मेडिकल. एकाच ओळखीच्या दुकानात दहादा गेलं तर फक्त तिथली भीती जाते.

हे फसतं कसं, तेही बघा. पहिलीच पायरी फार उंच ठेवली जाते. घरी पाहुणे आले की अचानक "काकांना कविता म्हणून दाखव" असा हुकूम सुटतो. ती पायरी नव्हे, पायरी आधी तिच्याशी ठरवलेली हवी. मधेच रडली म्हणून आई दुकानात शिरून वस्तू घेते, आणि मेंदू नोंद घेतो की सुटका झाली म्हणून वाचलो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे लपवलेले आधार. केस तोंडावर ओढून वाचणं, मैत्रिणीचा हात धरून ठेवणं, वाक्य मनात दहादा घोकून मगच बोलणं, नजर वहीतून न काढणं. सुरुवातीला एखादा आधार चालेल, पण तोही क्रमाने सोडायची पायरी ठेवा. नाहीतर पायऱ्या होतात आणि भीती तशीच राहते.

बक्षीस धाडसाला द्या, निकालाला नाही. जाऊन, अडखळून, लाल चेहऱ्याने परत आली तरी पूर्ण गुण. रविवारी नाश्त्याला काय करायचं ते तिने ठरवावं, इतकं छोटं बक्षीस पुरतं.

आता घराकडे वळू. "माझ्यामुळे" हा शब्द तुम्ही दोषाच्या अर्थाने वापरला आहे, तो अर्थ काढून टाका. पालकांना स्वतःला चिंता असेल तर मुलांचे उपचार फसतात का, याचे पुरावे संमिश्र आहेत. कित्येक काळजीखोर आयांची मुलं उत्तम बरी होतात. ज्याचा परिणाम जास्त स्पष्ट दिसतो ती गोष्ट वेगळी आहे: मुलाला भीती वाटू नये म्हणून घरातलं रोजचं वागणं किती बदललं आहे. दुकानात तिच्या वतीने तुम्ही बोलता का? "उद्या बाई विचारणार नाहीत ना?" याला रात्रीतून किती वेळा "नाही गं" म्हणता? सोमवारी पोट दुखलं की घरी ठेवून मऊ भात आणि टीव्ही असतो का? यातलं प्रत्येक वागणं मायेपोटी आहे. पण प्रत्येक वेळी भीतीला वाट करून दिली जाते आणि थेरपीचं काम उलट दिशेला जातं.

हे किती महत्त्वाचं आहे, ते येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांच्या गटाने दाखवलं. त्यांनी ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांचे दोन गट केले. एका गटात मुलांना सीबीटी दिली. दुसऱ्या गटात मुलांना भेटलेच नाहीत, फक्त पालकांना १२ आठवडे शिकवलं की अशी मदत कशी कमी करायची. २०२० साली छापलेल्या निष्कर्षांत पालकांचा गट सीबीटीच्या तोडीस तोड ठरला. म्हणून मॅडमना सांगा की तीन-चार सत्रांत एकदा तरी तुम्हा दोघांना वेगळा वेळ हवा.

सगळं एकदम बंद करू नका. एकच गोष्ट निवडा. रात्रीच्या "नाही ना?" पासून सुरुवात सोपी. ती शांत असताना आधी सांगा: "तुला खरंच खूप भीती वाटते हे मला दिसतं. आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे. म्हणून उद्यापासून मी याचं उत्तर एकदाच देईन." ही पहिली दोन वाक्यं नेहमी जोडीने म्हणा. नुसतं पहिलं म्हटलं की भीतीला दुजोरा मिळतो, नुसतं दुसरं म्हटलं की मुलीला वाटतं आपल्याला कुणी समजूनच घेत नाही. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रडणं, रागावणं, पोटदुखी वाढेल. इथेच बहुतेक घरं माघार घेतात. आठ दिवस टिकून नवव्या दिवशी हार मानली तर मुलगी शिकते की नऊ दिवस रडलं की जमतं. म्हणून जे पाळता येईल तेवढंच बोला.

सकाळच्या पोटदुखीचं: एकदा तपासणी झाली, आता पुन्हा सोनोग्राफी नको. दुखतं हे खरं आहे, चिंतेत पोट दुखतंच. नियम एवढाच, की ताप, उलटी, जुलाब नसेल तर शाळा. अगदीच घरी राहिली तर शाळेच्या वेळात टीव्ही, मोबाइल बंद आणि वर्गातला अभ्यास चालू. शिक्षा म्हणून नव्हे, घर शाळेपेक्षा जास्त गोड वाटू नये म्हणून. फार दिवस बुडाले असतील तर परतही पायऱ्यांनीच आणा, आधी पहिले दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पण रोज. एक दिवसाआड शाळा केली की प्रत्येक सकाळ पुन्हा पहिली सकाळ होते.

वर्गशिक्षिकेने दिलेली सूट चांगल्या मनाने दिली आहे, पण ती बदलून घ्या. त्यांना भेटून म्हणा, "सूट नको, पायऱ्या हव्यात." या आठवड्यात एकट्या बाईंसमोर तोंडी, दोन आठवड्यांनी दोन मुलींसमोर, महिन्याने वर्गात, अशा तारखा घालून. अचानक नाव पुकारणार नाही, एवढी हमी सुरुवातीला मागा. मॅडमनी शाळेसाठी अर्धं पान लिहून दिलं तर बाईंनाही सोपं जाईल.

तिच्या बाबांना पटवत बसू नका, काम द्या. संध्याकाळच्या दुकानाच्या पायऱ्या त्यांच्याकडे सोपवा: गाडीवरून न्यायचं, बाहेर थांबायचं, आत यायचं नाही, परत आल्यावर फक्त "गेलीस, हे महत्त्वाचं" म्हणायचं. तिचे हात थरथरताना दोन-चारदा पाहिले की नखरे हा शब्द आपोआप मागे पडतो. सासूबाईंचं म्हणणं मात्र आपण मान्य करू नये. लोकांची भीती बहुतेकदा याच वयात डोकं वर काढते, आणि टाळत गेलं की मुळं धरते. आजी जेवताना "आज कुठल्या दुकानात गेलीस?" एवढं विचारतील तरी हातभार लागेल.

आता काही गोष्टी ज्या बघितल्या नाहीत तर उत्तम थेरपीही लागू पडत नाही. पहिली, तिला वाचायलाच जड जातं का? घरी अनोळखी परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. शब्द तुटत असतील, ओळी सुटत असतील, तर वाचनदोषाची तपासणी करा. तशा मुलीला वर्गात वाचायला लावणं म्हणजे रोज नवा अपमान. दुसरी, वर्गात कुणी खरोखर चिडवतं का, नक्कल करतं का? असेल तर आधी शाळेने ते थांबवायचं, खऱ्या त्रासाची सवय करायची नसते. तिसरी, पाळीच्या दिवसांत शाळेच्या स्वच्छतागृहाची अडचण आहे का? मुली हे सांगत नाहीत, पोट दुखतं म्हणतात. चौथी, उदासी. आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर चिंतेबरोबर नैराश्यही असू शकतं, आणि तेव्हा नुसत्या चिंतेच्या उपचारांना कमी गुण येतो.

तुमची मुलगी कशासाठी बरी व्हायला बघते, हे तिला कुणी विचारलं आहे का? "वर्गात बोलावं" हे ध्येय मोठ्यांचं आहे. तिला कदाचित सहलीला जायचं असेल, कबड्डीच्या संघात यायचं असेल. या वयात ध्येय तिचं असेल तरच ती शनिवारनंतरचे सहा दिवस राबते. तिच्या खासगी बोलण्यातलं काय तुम्हाला कळेल आणि काय नाही, हेही मॅडमनी तिच्यासमोर स्पष्ट सांगायला हवं. जिवाला धोका असेल ते पालकांना सांगणार, बाकी तिच्या संमतीने.

गुण येतो की नाही हे मनाच्या अंदाजावर सोडू नका. मुलांच्या चिंतेसाठी स्केअर्ड नावाची ४१ प्रश्नांची प्रश्नावली आहे, मुलासाठी एक आणि पालकांसाठी एक. सुरुवातीला आणि दर चार आठवड्यांनी ती भरून घ्यायला सांगा. सोबत घरच्या कॅलेंडरवर दोनच खुणा करा: शाळेला गेलेला दिवस आणि केलेली पायरी. लोकांच्या भीतीला इतर चिंतांपेक्षा गुण उशिरा आणि कमी येतो, असं अभ्यासांत दिसलं आहे, तेव्हा तीन आठवड्यांत हताश होऊ नका. मात्र पायऱ्या खरोखर सुरू झाल्यावर १२ ते १६ सत्रांतही खुणा वाढल्या नाहीत, किंवा शाळा पूर्णच बंद पडली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

औषध म्हणजे हार नव्हे, वरचे ८१ टक्के आठवा. लहान मात्रेपासून सुरू होतं, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलताना बेचैनी, चिडचिड किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार वाढतात का यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नसतं. घरात कुणाची झोपेची किंवा "शांत राहायची" गोळी असेल तर ती मुलीला कधीही देऊ नका. मरणाची भाषा, स्वतःला ओरखडे किंवा कापणं दिसलं, तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ या टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

मॅडम बदलायची वेळ आलीच, तर नव्या ठिकाणी पाटी बघू नका, शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. मग विचारा: मुलांच्या चिंतेवर सीबीटी करता का, पायऱ्या सत्रातही करून घेता का, पालकांना काय काम देता. सत्रातच मुलीला बाहेरच्या टेबलावर जाऊन पाणी मागायला पाठवणारी व्यक्ती दिसली, तर ती योग्य जागा समजा.

एक तयारी आत्ताच करून ठेवा. वरच्या अमेरिकी चाचणीतल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढची काही वर्षं तपासलं, तेव्हा सगळी वर्षं पूर्ण बरी राहिलेली जेमतेम २२ टक्के होती, जवळपास निम्म्यांची चिंता मधे परतली होती. म्हणजे दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीनंतर भीती पुन्हा डोकावली तर उपचार वाया गेले असं समजायचं नाही. सुट्टीतही आठवड्याला दोन पायऱ्या चालू ठेवा, शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा शाळेच्या आवारात चक्कर मारून या, पहिल्या दिवशी यादीतली तिसरी पायरी (रिकाम्या वर्गात वाचणं) पुन्हा करायची असं तिच्या वहीत आधीच लिहून ठेवा, आणि मॅडमकडची दोन सत्रं जून आणि नोव्हेंबरसाठी राखून ठेवा.